पत्त्यांच्या कॅटावर दम कसा बांधावा : पैलवानांसाठी आणि लढतीच्या इतर खेळाडूंसाठी

तालमीत जोर-बैठकांचा आकडा आधीच ठरलेला असतो. शंभर जोर आणि दोनशे बैठका सांगितल्या, की पैलवानाचे मन पहिल्या बैठकेपासूनच शेवटच्या बैठकेकडे लागते आणि शरीर त्या हिशेबाने आपली ताकद आपसूक वाटून घेते. लढतीत असा हिशेब चालत नाही. समोरचा कधी पटात (पाय पकडण्याच्या डावात) शिरेल, कधी मानेवर वजन टाकून लोंबकळेल आणि कधी दोन मिनिटे नुसतीच हाताची झटापट करत उभा राहील, हे आगाऊ कोणालाच सांगता येत नाही. म्हणून कमी-अधिक मेहनतीचे तुकडे न ठरलेल्या क्रमाने अंगावर घेण्याची सवय सरावातच लागावी लागते. ही सवय लावण्याचे सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत उत्तम साधन म्हणजे साधा पत्त्यांचा कॅट.

पद्धत थोडक्यात अशी आहे. इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर या चार रंगांना एकेक व्यायाम नेमून द्यायचा, कॅट नीट पिसून पालथा ठेवायचा, वरचे पान उलटायचे, त्यावरच्या आकड्याइतका तो व्यायाम करायचा आणि लगेच पुढचे पान काढायचे. कुस्तीच्या जगात ही पद्धत ओळखली जाते ती कार्ल गॉच यांच्या नावाने. अँटवर्प येथे 1924 साली जन्मलेल्या गॉच यांचे मूळ आडनाव इस्ताझ होते आणि 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते बेल्जियमकडून कुस्ती लढले. त्याच ऑलिम्पिकमध्ये आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव फ्लायवेट गटात सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. गॉच पुढे जपानमध्ये गेले आणि तिथल्या पैलवानांची एक पिढी त्यांच्या हाताखाली तयार झाली. त्यांच्या पत्त्यांवरचे मुख्य व्यायाम होते आपले जोर आणि बैठका, ज्यांना पाश्चात्त्य देशांत आजही हिंदू पुशअप आणि हिंदू स्क्वॉट म्हणतात. कोल्हापूरच्या पैलवानाला त्यामुळे यातला व्यायाम शिकायचा नाही, तो घरचाच आहे. शिकायची आहे ती मांडणी.

आणि मांडणीतला मुद्दा असा आहे, की नशिबाच्या हाती फक्त क्रम सोपवावा, एकूण मेहनत सोपवू नये. दुर्रीपासून दश्शीपर्यंतच्या पानांची बेरीज 54 होते. गुलाम, राणी आणि राजा प्रत्येकी 10 धरले आणि एक्का 11 धरला, तर एका रंगाचे 95 आणि चार रंगांचे मिळून 380 होतात. कॅट कसाही पिसला तरी शेवटी 380 च भरणार. पानामागून पान काय येईल हे पैलवानाला ठाऊक नसते, परंतु तो आज किती मेहनत करणार आहे हे वस्तादांना आकड्यापर्यंत ठाऊक असते. काही जण गुलाम 11, राणी 12, राजा 13 आणि एक्का 14 असे धरतात, तेव्हा हीच बेरीज 416 वर जाते. मला पहिला हिशेब अधिक पसंत आहे, कारण त्यात कोणत्याही एका पानाचा भार फार चढत नाही आणि दमलेल्या डोक्याला आकडा लगेच उमगतो. उलट, ‘पिसलेल्या पूर्ण कॅटातून आज वरची वीस पाने करू’ ही जी सवय बऱ्याच ठिकाणी दिसते, ती टाळावी. त्या वीस पानांत एखाद्या दिवशी चित्रेच जास्त येतात आणि एखाद्या दिवशी लहान पानेच जास्त येतात. मग या आठवड्याची मेहनत मागच्या आठवड्याशी ताडून पाहता येत नाही.

कोणत्या रंगाला कोणता व्यायाम

इथे घाई करू नये, कारण सगळी गोम याच निवडीत आहे. कुस्तीसाठी मी पुढील चौकडी सुचवतो : इस्पिकला बैठका, बदामाला जोर, किलवरला स्प्रॉल आणि चौकटीला ओढण्याचा एखादा व्यायाम. स्प्रॉल म्हणजे समोरच्याचा पट येताच दोन्ही पाय मागे फेकून कंबर खाली दाबण्याची हालचाल; पत्त्यांवर ती करताना प्रत्येक वेळी पुन्हा उभे राहून लढतीचा पवित्रा पूर्ण घ्यावा आणि मगच पुढची मोजावी. कंबर जमिनीकडे न जाता नुसतेच पाय मागे गेले, तर ती साधी बर्पी होते आणि कुस्तीशी तिचा संबंध तुटतो.

ओढण्याच्या व्यायामाचा मी मुद्दाम आग्रह धरतो. बाहेरच्या पुस्तिकांतून आणि छापील व्यायाम-पत्त्यांतून जे कॅट मिळतात, त्यांत बहुतेक व्यायाम जमिनीवर करायचे असतात, त्यामुळे ढकलणे आणि बसणे-उठणे भरपूर होते, पण ओढणे जवळजवळ होतच नाही. पैलवानाचे निम्मे काम ओढण्याचे आहे. मनगट धरून खेचणे, मानेला हात घालून खाली आणणे, कमरेची पकड न सोडणे, या सगळ्याला पाठ, दंड आणि बोटांची पकड लागते. म्हणून चौकटीचे पान आले की आडव्या बारवर टॉवेल टाकून, त्याची दोन्ही टोके मुठीत धरून पुलअप मारावेत. टॉवेलमुळे पकड लवकर दमते आणि ती दमलेली असतानाच पुढच्या पानावर जोर मारावे लागतात, ही लढतीच्या फार जवळची अवस्था आहे. तालमीत दोर टांगलेला असेल, तर पाय जमिनीवर टेकून, अंग तिरके ठेवून दोराला धरून वर खेचणे हा नवख्यांसाठी चांगला पर्याय आहे.

आता अडचण अशी येते, की दहा बैठका आणि दहा पुलअप यांचा भार सारखा नसतो. सराव असलेला पैलवान दहा बैठका श्वास न चढता मारतो, आणि दहा टॉवेल-पुलअपला त्याचाच घाम निघतो. म्हणून आकड्यांना रंगानुसार वजन द्यावे : बैठका पानाच्या दुप्पट, जोर आणि स्प्रॉल पानाइतके, पुलअप पानाच्या निम्मे, आणि निम्म्यात अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक. म्हणजे इस्पिकची नव्वी आली तर 18 बैठका, आणि चौकटीची नव्वी आली तर 5 पुलअप. या हिशेबाने पूर्ण कॅटात 190 बैठका, 95 जोर, 95 स्प्रॉल आणि 50 पुलअप होतात. ज्याला एका दमात पाचही पुलअप जमत नाहीत, त्याने चौकटीला तिरके खेचणे ठेवावे. लोंबकळत अर्धे-मुर्धे पुलअप मोजण्यात काही अर्थ नाही.

एक व्यायाम मात्र पत्त्यांवर कधीही ठेवू नये, तो म्हणजे मानेचा ब्रिज, म्हणजे डोके आणि पाय टेकवून केलेली अंगाची कमान. मान बळकट करणे कुस्तीत अत्यावश्यक आहे, यात वाद नाही. परंतु घामाने निथळलेल्या आणि धापा टाकणाऱ्या माणसाने आकडा पुरा करण्यासाठी मानेवर अंगाचे वजन घेणे धोक्याचे आहे. मानेचा व्यायाम अंग ताजे असताना, सावकाश आणि वेगळा करावा.

मुष्टियुद्ध आणि किकबॉक्सिंगच्या खेळाडूंनी चौकडी बदलावी. जोर आणि पोटाचा एखादा व्यायाम त्यांनी ठेवावा, बैठकांऐवजी पुढे-मागे लंज (एक पाऊल लांब टाकून गुडघ्यात वाकणे) घ्यावेत, आणि चौथ्या रंगाला आकड्याऐवजी वेळ द्यावा : पानाच्या तिप्पट सेकंद शॅडो बॉक्सिंग (समोर कोणी नसताना हवेत ठोसे) किंवा बॅगवर सलग ठोसे. दश्शी आली तर 30 सेकंद. ज्युदोच्या खेळाडूंना चौथ्या रंगावर रबर धरून उचिकोमी, म्हणजे फेकीत शिरण्याची पुन्हा पुन्हा केलेली हालचाल, सहज बसवता येते.

पायऱ्या

पहिल्याच दिवशी बावन्न पाने हाती घेण्याचा मोह बहुतेकांना होतो, आणि तो सर्वांनी आवरावा. सुरुवात प्रत्येक रंगाच्या दुर्रीपासून सत्तीपर्यंतच्या पानांनी करावी. ही चोवीस पाने होतात आणि त्यांची बेरीज 108 भरते. सलग दोन वेळा हा छोटा कॅट चुकीच्या हालचालीशिवाय पुरा झाला, की चारही अठ्ठ्या टाकाव्यात, म्हणजे बेरीज 140 होते. मग नव्व्या टाकल्या की 176, दश्श्या टाकल्या की 216. पुढे गुलाम, राणी आणि राजा एकेक करून घातले, की प्रत्येक पायरीला 40 वाढतात आणि आपण 336 पर्यंत येतो. शेवटी एक्के आले की 380. आठवड्यातून दोनदा पत्ते घेणाऱ्याने एका पायरीवर किमान एक आठवडा थांबावे, दम कमी पडत असेल तर दोन-तीन आठवडे थांबावे. या चढणीला दोन ते चार महिने लागले तरी काही बिघडत नाही.

पायऱ्यांचा आग्रह केवळ शिस्तीसाठी नाही. सराव नसलेल्या माणसाने एकाच दिवशी शेकडो बैठका मारल्या, तर स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. डॉक्टर याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. व्यायामानंतर एक-दोन दिवसांत मांड्या असह्य दुखून सुजल्या आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर ती नेहमीची अंगदुखी समजून तेल चोळत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हा धोका तंदुरुस्त तरुणांनाही असतो, विशेषतः दीर्घ विश्रांतीनंतर परतलेल्यांना, कारण मन जुन्या आकड्यावर असते आणि स्नायू नसतात. पावसाळा संपल्यावर तालमीत परतणाऱ्या प्रत्येकाने पुन्हा चोवीस पानांपासून सुरुवात करावी असे मी म्हणतो ते यासाठीच.

प्रत्यक्ष मांडणी

कागदी पत्ते तालमीत फार टिकत नाहीत. घामाचे हात आणि लाल माती यांनी त्यांची पाने आठवड्याभरात चिकटू लागतात, आणि जून ते सप्टेंबर या काळात कोल्हापूरच्या दमट हवेत ती नुसती ठेवली तरी फुगतात. प्लास्टिकचे पत्ते घ्यावेत. ते धुऊन, पुसून पुन्हा वापरता येतात. कॅट हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, आत कधीही ठेवू नये. हौद्याबाहेर पाच-सहा पावलांवर एक पाट किंवा स्टूल ठेवून त्यावर कॅट पालथा ठेवावा आणि बाजूला हात पुसायला पंचा ठेवावा. हे अंतर मुद्दाम ठेवायचे असते. पान संपवून पाटापर्यंत चालत येणे, हात पुसणे, पान उलटणे आणि परत जाणे यात जी काही सेकंदे जातात तेवढीच विश्रांती, आणि ती उभ्यानेच घ्यायची.

एक फेरी कशी दिसते ते सांगतो. पहिले पान बदामाची सत्ती, सात जोर. अंग मोकळे होते. दुसरे किलवरचा राजा, दहा स्प्रॉल. आठव्याला कंबर वरच राहू लागते. तिसरे पुन्हा किलवर, छक्की, आणि इथेच पठ्ठ्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर जातात. पाटाजवळ उभे असलेले वस्ताद आवाज न चढवता म्हणतात, ‘‘वाकू नगंस, चालत ऱ्हा. श्वास नाकानं घे.’’ ‘‘व्हय वस्ताद,’’ म्हणून तो दोन पावले चालतो आणि सहा स्प्रॉल काढतो, पण पाचव्याला त्याचा पवित्रा अर्धवट राहतो. वस्ताद एक बोट वर करतात, म्हणजे ते धरले नाही, आणखी एक. चौथे पान इस्पिकची तिर्री निघते, सहा बैठका, आणि त्याच्या चेहऱ्यावर उसंत दिसते. लढतीतही अशी उसंत मधूनच मिळते, आणि तिचा उपयोग श्वास सावरण्यासाठी करायचा हे त्याला न सांगता कळते.

एकाच रंगाची पाने लागोपाठ आली की कॅट नीट पिसला नाही अशी तक्रार नवखे पैलवान करतात. ती खरी नसते. कोणत्याही पानानंतर त्याच रंगाचे पान येण्याची शक्यता 51 मध्ये 12, म्हणजे चारात एकाच्या आसपास असते. त्यामुळे पूर्ण कॅटात लागोपाठच्या दोन पानांचा रंग सरासरीने बारा वेळा जुळतो आणि तीन पानांचा दोन-तीन वेळा. म्हणजे सलग तीस-एकतीस जोर मारण्याची तयारी ठेवूनच कॅटाला हात लावावा. वयाने लहान किंवा अगदी नवख्या मुलांसाठी मात्र एक सवलत ठेवावी : त्याच रंगाचे तिसरे पान आले तर ते कॅटाच्या तळाशी सरकवावे. एकूण बेरीज त्याने बदलत नाही.

पानाचा आकडा एका दमात पुरा करण्याची सक्ती करू नये. दहापैकी सहा जोर झाल्यावर दोन श्वास घेऊन उरलेले चार मारले तरी चालतील, परंतु आकडा पुरा होईपर्यंत पुढचे पान उलटता येणार नाही. दुसरीकडे, हालचालीच्या बाबतीत कोणतीही सूट नको. जोरात छाती खाली आलीच पाहिजे आणि कंबर मधेच लोंबता कामा नये. बैठकेत गुडघे आत वळता कामा नयेत. दम संपला म्हणून हालचाल आखडू लागली आणि दोन श्वासांनंतरही ती सुधारली नाही, तर तो दिवस तिथेच थांबवावा आणि उरलेली पाने मोजून वहीत लिहावीत. अर्धवट हालचालींनी पुरा केलेला कॅट मी पुरा धरत नाही.

वेळ कसा लावावा

याचे उत्तर पैलवान कुठे लढणार आहे यावर आहे. मातीवरची निकाली कुस्ती घड्याळाकडे पाहत नाही. जत्रेच्या मैदानात तुल्यबळ जोडी लागली तर ती पंधरा-वीस मिनिटे आणि त्याहून अधिकही चालते. अशा पैलवानाने पूर्ण कॅट सलग करावा आणि एकूण वेळ लिहून ठेवावा. वर सांगितलेल्या वजनाने सरावलेल्या पैलवानाला साधारण पंचवीस ते पस्तीस मिनिटे लागतात. गादीवरची कुस्ती वेगळी आहे. तिथे तीन-तीन मिनिटांचे दोन डाव (फेऱ्या) आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती असते, त्यामुळे पंचवीस मिनिटे एका संथ लयीत चालण्याची ताकद तिथे अपुरी पडते आणि प्रत्येक मिनिटाला जोर काढावा लागतो. महाराष्ट्र केसरीसारख्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन्ही विभाग असतात आणि दोन्ही विजेते शेवटी एकमेकांसमोर येतात, त्यामुळे मोठे ध्येय ठेवणाऱ्याला दोन्ही प्रकार लागतात.

गादीसाठी घड्याळ तीन मिनिटांवर लावावे, जमतील तितकी पाने उलटावीत, शिट्टी वाजताच थांबावे, केलेल्या पानांचा गठ्ठा बाजूला ठेवावा, तीस सेकंद चालावे आणि पुन्हा तीन मिनिटे घ्यावीत. मग चार-पाच मिनिटे पूर्ण विश्रांती घेऊन अशीच दुसरी लढत करावी. मुष्टियोद्ध्यांनी तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये एक मिनिट, तर मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या खेळाडूंनी पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये एक मिनिट असे धरावे. सर्व फेऱ्या संपल्यावर प्रत्येक गठ्ठ्यातील आकड्यांची बेरीज करावी. पानांची संख्या मोजून भागत नाही, कारण आठ लहान पाने आणि पाच चित्रे यांत फार फरक असतो. पहिल्या डावात बेरीज 60 आली आणि दुसऱ्यात 38, तर या पैलवानाची ताकद आहे पण ती परत भरून येत नाही, असे समजावे. त्याला तीस सेकंदांत श्वास उतरवायला शिकवणे हे जास्त जोर मारायला लावण्यापेक्षा उपयोगाचे ठरते. दोन डावांतला हा फरक कमी होत जाणे, हीच माझ्या दृष्टीने पत्त्यांवरच्या प्रगतीची सर्वांत विश्वासार्ह खूण आहे, एकूण वेळेपेक्षाही.

जोडीने करायचे असेल तर एकाने पान करावे आणि दुसऱ्याने तोवर चालत श्वास घ्यावा, मग अदलाबदल करावी. एवढ्यानेच मेहनत आणि विश्रांती जवळपास सारखी होते आणि सुरुवातीच्या महिन्यात हाच प्रकार सर्वांत सोसवतो.

तालमीत पत्ते नको असतील तर

अनेक तालमींत पत्त्यांना बंदी असते, आणि तिच्यामागचे कारण योग्य आहे : पत्ते आले की जुगार येतो अशी जुन्या वस्तादांची धारणा आहे आणि पोरे सांभाळण्याची जबाबदारी त्यांच्यावर असते. मारुतीच्या फोटोसमोर कॅट काढण्यापूर्वी वस्तादांना विचारावे. त्यांना पसंत नसेल तर वाद न घालता जाड कार्डशीटची पाने कापून घरीच कॅट बनवावा. खरे तर असा कॅट जास्त चांगला होतो, कारण प्रत्येक व्यायामाला शोभेल तो आकडा थेट पानावर लिहिता येतो आणि दुप्पट-निमपटीचा हिशेब डोक्यात ठेवावा लागत नाही. मी सुचवतो तो कॅट तीस पानांचा आहे. बैठकांची सहा पाने 8, 10, 12, 15, 20 आणि 25 अशी लिहावीत. जोरांची 4, 6, 8, 10, 12 आणि 15. स्प्रॉलची 3, 4, 5, 6, 8 आणि 10. ओढण्याची 2, 3, 4, 5, 6 आणि 8. उरलेली सहा पाने डावांची ठेवावीत : दुहेरी पट, एकेरी पट, ढाक असे आपापल्या तालमीत पक्के झालेले डाव, जोडीदारावर, त्याला न आपटता, डावीकडून तीन आणि उजवीकडून तीन वेळा नुसते शिरण्यापुरते. पाने एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून घ्यावीत आणि कडा गोल कापाव्यात, म्हणजे हाताला लागत नाहीत.

डावांची पाने याहून वाढवू नयेत. दमलेल्या अंगाने थोडे डाव करणे उपयोगाचे आहे, कारण मैदानातही ते दमूनच करायचे असतात. परंतु अर्धी पाने डावांची झाली तर पैलवान ढिसाळपणे शिरायची सवय लावून घेतो आणि ती मोडायला फार वेळ जातो. नवा डाव तर पत्त्यांवर मुळीच घेऊ नये.

आठवड्यात जागा

पत्त्यांचा व्यायाम लढतीची जागा घेऊ शकत नाही, म्हणून तो आठवड्यातून दोनदाच ठेवावा आणि जोडीच्या जोरदार लढती असतील त्या दिवशी टाळावा. सकाळी मातीतला सराव झाला असेल तर संध्याकाळी छोटा कॅट चालतो, पूर्ण कॅट चालत नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या उकाड्यात बंद तालमीत पत्ते करू नयेत. पहाटे करावेत, आधी पाणी प्यावे आणि दुधा-थंडाईचा खुराक व्यायामानंतर पुरेशा वेळाने घ्यावा. वजन उतरवण्यासाठी अंगावर जाड कपडे घालून आणि पाणी तोडून पत्ते करण्याचा प्रकार कोणीही करू नये, कारण शरीरातले पाणी कमी असताना एवढी मेहनत केल्याने उष्माघात होऊ शकतो आणि वर सांगितलेला मूत्रपिंडाचा धोकाही कित्येक पटींनी वाढतो. ज्याला वजन उतरवायचे आहे त्याने ते काही आठवडे आधीपासून जेवणाच्या बाजूने उतरवावे.

दिवाळीनंतर मैदानांचा हंगाम सुरू होतो आणि चैत्रातल्या जत्रांपर्यंत गर्दी असते. त्या काळात पायरी चढवण्याच्या मागे लागू नये. 216 किंवा 256 च्या कॅटावर स्थिर राहून आठवड्यातून एकदाच पत्ते घ्यावेत. ठरलेल्या लढतीच्या दहा दिवस आधी शेवटचा मोठा कॅट करावा, पाच-सहा दिवस आधी चोवीस पानांचा कॅट सहज लयीत करावा आणि त्यानंतर पत्ते गुंडाळून ठेवावेत. वहीत तारीख, पानांची बेरीज, एकूण वेळ किंवा प्रत्येक डावाची बेरीज, आणि कोणत्या व्यायामात हालचाल आधी बिघडली हे चार रकाने पुरेत. चौथा रकाना लिहायचा कंटाळा करू नये. तीन-चार आठवड्यांत त्यात एकाच व्यायामाचे नाव वारंवार दिसू लागते, आणि त्या व्यायामावर पत्त्यांबाहेर, ताज्या अंगाने, वेगळे काम करावे.